खुंटीला बीपी

पी शून्य चार पाच तीन.
स्कॅनरच्या काचेवर चौथ्यांदा तेच:
टाकीत दाब जास्त.

गाडी प्रभाकर धुरंधरांची.
ते मार्चमध्ये गेले. गाडी बहिणीकडे आली,
आणि बहीण गाडी घेऊन माझ्याकडे, शिवडीला,
बंदराच्या रस्त्यावर, जिथे ओहोटीच्या दुपारी
चिखलाचा वास पान्यांनाही लागतो.

कुमुद धुरंधर. परळच्या इस्पितळात चौतीस वर्षं नर्स.
आल्या आल्या त्यांनी डॅशबोर्डवरची काळी चिकटपट्टी
नखाने सोलून काढली. खाली पिवळा दिवा. पेटलेलाच.
"हे काय?"
म्हटलं, साहेबांनीच लावली. दिवा डोळ्यांत जातो म्हणायचे.
पट्टी माझ्याच ड्रॉवरमधली होती हे सांगितलं नाही.
टाकीची तीन झाकणं मीच बदलली हेही नाही,
प्रत्येक वेळी नवंकोरं, ओरिजिनल, बिलासकट.

"तो कधी पाव टाकीच्या वर पेट्रोल भरायचा नाही," त्या म्हणाल्या.
"फुटेल म्हणायचा."

मागची सीट उपटली.
बिस्किटाचा चुरा, एक रुपया, चष्म्याची एक काडी.
काडी त्यांनी उचलली, ओढणीला पुसली, पर्समध्ये टाकली.
सीटखाली पत्रा, पत्र्याखाली टाकीचा माथा,
माथ्यावर अंगठ्याएवढा सेन्सर. तीन वायरी.

टाचणी खुपसली, मीटर लावला.
पाच व्होल्ट येतायत. अर्थिंग ठीक.
तिसऱ्या वायरीवर चार पूर्णांक सात.
"म्हणजे?"
म्हणजे टाकी फुगलीय म्हणतोय.
"आणि फुगलीय का?"

मी मीटरकडेच बघत राहिलो.
वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.

मग स्टुलावर बसून, पाण्याचा ग्लास हातात धरून,
त्यांनी सांगितलं:
आमच्या अकरा नंबरला बीपीचं एक यंत्र होतं, काट्याचं.
आठवडाभर सगळा वॉर्ड चढलेला. आम्ही गोळ्या वाढवत गेलो.
एक म्हातारा मोरीत चक्कर येऊन पडला.
रात्रपाळीला एक शिकाऊ पोरगी होती, सावर्ड्याची.
पट्टा खुंटीला टांगलेला, रिकामा, कुणाच्याच दंडाला नाही,
आणि काटा चाळीसवर.
मला हाक मारून म्हणाली,
सिस्टर, खुंटीला बीपी आहे.

मी उठलो. पेट्रोलचं झाकण फिरवलं, काढलं, हातात धरलं.
फुस्स नाही, काही नाही. नुसता वास.
अख्ख्या शिवडीची हवा आत-बाहेर करतेय
आणि मीटरवर चार पूर्णांक सात.

घाई नको म्हणून प्लग उपसला.
स्कॅनरवरचा आकडा धाडकन शून्यावर.
वायर चांगली. माझी झाकणंही चांगली, तिन्ही.

सेन्सर इम्तियाजने ऑपेरा हाउसहून आणला,
दुसऱ्या दिवशी, छत्रीच्या पिशवीत घालून.
बसवला. झाकण उघडंच ठेवलं.
दोन पूर्णांक पाच.
टाकीत जेवढी हवा तेवढाच आकडा.
कोड पुसला. दिवा गेला. काचेवर पट्टीचा डिंक उरला,
तो मी थिनरने काढायला गेलो, तर त्या म्हणाल्या, राहू दे.

तीन झाकणांचे पैसे पुढे केले.
त्यांनी मोजले नाहीत, घेतले नाहीत.
"आमच्याकडे चूक झाली की रजिस्टरला लिहायची.
वेळ, तारीख, सही."

माझ्याकडे कसलं आलंय रजिस्टर?
कॉम्प्रेसरच्या वरच्या भिंतीवर खडूने लिहिलं:
आधी झाकण उघडून बघ.
तारीख घातली. घड्याळ बघून वेळ घातली.
खाली नुसतं नाव.

"आडनावासकट," त्या गाडीतून म्हणाल्या,
इंजिन चालू ठेवून.